मेलबॉक्स खुर्चीचा असतो

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

सरकारी कार्यालयात रुजू होताना इंटरनेट आणि ई-मेल वापराच्या हमीपत्रावर तुझी सही घेतली आणि ‘एवढ्याशा गोष्टीला एवढा कागद कशाला’ असं तू विचारलंस. प्रश्न रास्त आहे. हमीपत्रात काय करायचं नाही तेवढंच असतं, का करायचं नाही ते कुणी लिहीत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुला कदाचित दोन मेल पत्ते मिळतील, एक तुझ्या नावाचा आणि एक पदनामाचा, म्हणजे तुझ्या पदाच्या नावाने असलेला. ही पद्धत केंद्र सरकारच्या ई-मेल धोरणात आहे. ते धोरण फेब्रुवारी 2015 मध्ये राजपत्रात आलं, 2024 मध्ये केंद्राने नवं आणलं. केंद्राची मेल सेवा वापरणाऱ्या राज्यांच्या कर्मचाऱ्यांनाही ते लागू आहे. कामाचा पत्रव्यवहार पदनामाच्या पत्त्यावरून करायचा आणि बदली झाली की तो पत्ता, आतल्या सगळ्या मेलसकट, पुढच्या माणसाच्या हाती द्यायचा. हे एकदा नीट लक्षात घेतलंस की बाकीचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. तो मेलबॉक्स तुझा नाही, खुर्चीचा आहे. तू त्या खुर्चीवर असेपर्यंत तो सांभाळायचा.

आवक-जावक नोंदवही कुणी घरी नेत नाही. मग कामाचा मेल खासगी खात्यावर वळवताना आपल्याला काहीच कसं वाटत नाही? ‘सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर सोयीचं पडतं’ हे कारण मी असंख्य वेळा ऐकलंय. अडचण अशी की खासगी खात्यावर गेलेलं पत्र कार्यालयाच्या दप्तरात राहत नाही. तू बदलून गेलीस की ते पत्रही गेलं. 2013 मध्ये हा विषय दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला होता. सरकारी अधिकारी परदेशी कंपन्यांच्या मोफत मेलवरून कामकाज करतात, त्यामुळे सरकारी अभिलेख, म्हणजे सरकारी नोंदी, देशाबाहेरच्या सर्व्हरवर जातात, असा भाजपचे माजी नेते के. एन. गोविंदाचार्य यांच्या याचिकेतला आक्षेप होता. त्याला आधार होता 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याचा. त्या कायद्यात संगणकावर तयार झालेलं साहित्यसुद्धा अभिलेखच आहे, आणि केंद्राच्या परवानगीशिवाय अभिलेख देशाबाहेर नेला तर 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्राचा असा स्वतंत्र कायदा 2005 चा आहे.

त्याच वर्षीचा माहिती अधिकार कायदा तर तू परीक्षेसाठी वाचलाच असशील. आता त्यातलं कलम 2(एफ) पुन्हा काढून वाच. ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेल हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. एखाद्या शेतकऱ्याने अर्ज केला, की माझं प्रकरण अमुक महिन्यात का परत पाठवलं, त्यावर कुणी काय लिहिलं ते द्या, तर जन माहिती अधिकाऱ्याला ते मेलबॉक्समधून काढून देता आलं पाहिजे. ‘आढळून येत नाही’ असं उत्तर जातं तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा लबाडी नसते. कुणीतरी सोयीसाठी दुसऱ्याच खात्यावरून मेल पाठवलेला असतो, एवढंच. पण त्या माणसाला उत्तर मिळत नाही ते नाहीच, आणि मला आजही सगळ्यात जास्त तेच लागतं.

आता व्हॉट्सॲपबद्दल. इथे तुला रोज त्रास होणार आहे, म्हणून थोडं जास्त लिहिते.

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू असलं की आमदारांच्या तारांकित प्रश्नाची माहिती अर्ध्या तासात हवी असते. लक्षवेधी सूचना लागली की त्याहून घाई. साहेब ग्रुपवर लिहितात, ‘आकडे टाका’. तू टाकतेस. त्यात चूक नाही. समन्वयासाठी असे ग्रुप वापरायला महाराष्ट्राच्या सामान्य प्रशासन विभागानेही जुलै 2025 च्या समाजमाध्यमांविषयीच्या सूचनांमध्ये मुभा दिली आहे. पण निरोप आणि आदेश यांतला फरक ओळखायला शिक. ‘बैठक चार वाजता’ हा निरोप. ‘त्या संस्थेचा हप्ता सोडून द्या, नस्ती (फाइल) नंतर बघू’ हा आदेश, आणि तो व्हॉट्सॲपवर राहिला तर त्याला मालक नाही. मेसेज पुसता येतो. फोन बदलतो. दोन-तीन वर्षांनी लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो तेव्हा नस्तीवर फक्त तुझी टिपणी आणि तुझी सही असते.

म्हणून असा आदेश आला की त्याच दिवशी पदनामाच्या मेलवरून दोन ओळी पाठवायच्या: ‘आज व्हॉट्सॲपवर दिलेल्या सूचनेनुसार पुढील कार्यवाही करीत आहे. कृपया पुष्टी व्हावी.’ भाषा नम्र, आरोपाचा सूर नाही. नंतर त्याची प्रत नस्तीला लाव, ई-ऑफिस, म्हणजे संगणकावरची नस्ती, असेल तर तिथे जोड. चांगले अधिकारी याने रागावत नाहीत, उलट त्यांनाही ते हवं असतं. जो रागावेल, त्याच्या बाबतीत तर ती दोन ओळींची पुष्टी अधिकच गरजेची आहे. नव्या माणसाला हे करायला धीर लागतो, मला माहीत आहे. पहिल्यांदा करशील तेव्हा हात थरथरेल. तरीही कर.

दुसरी गोष्ट डोंगलची, म्हणजे डिजिटल स्वाक्षरीच्या पेनड्राइव्हसारख्या टोकनची. अनेक कार्यालयांत साहेबांचं हे टोकन लिपिकाच्या ड्रॉवरमध्ये असतं आणि पिन चिकटपट्टीवर लिहून वर लावलेला असतो. देयकं अडू नयेत, निविदा वेळेत उघडावी म्हणून हे चालतं. कुणी तुझ्या हातात असं टोकन दिलं तर घेऊ नकोस आणि उद्या तुझ्या नावाचं निघालं तर कुणाला देऊ नकोस. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 42 नुसार ती किल्ली ताब्यात ठेवण्याची जबाबदारी ज्याच्या नावाची स्वाक्षरी, त्याचीच आहे. कलम 66सी प्रमाणे दुसऱ्याची डिजिटल स्वाक्षरी किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. ‘साहेबांनीच सांगितलं होतं’ हे सांगायची वेळ येते तेव्हा साहेब बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात असतात. मेलच्या पासवर्डचंही असंच. रजेवर जाताना पासवर्ड सांगून जाणं हा कार्यालयातला शिष्टाचार समजला जातो. तो सोडून दे, त्याऐवजी रजेच्या काळात पत्रव्यवहार कुणाकडे करायचा ते आधी कळवून जा. ब्राउझरमध्ये पासवर्ड जपून ठेवायलाही 2015 च्या धोरणात मनाई होती, आणि एका संगणकावर तिघं बसतात तिथे ती का होती हे सांगायला नको.

लाभार्थ्यांच्या याद्या हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे. एका एक्सेल फाइलमध्ये शेकडो लोकांची नावं, आधार क्रमांक, बँक खाती, कधी जात, कधी आजार. ती फाइल आपण ‘माहितीस्तव’ म्हणून दहा जणांना पाठवतो, त्यातल्या सहांना तिची गरज नसते. 2017 मध्ये सुमारे 210 सरकारी संकेतस्थळांवर लोकांचे आधार तपशील उघडे असल्याचं खुद्द आधार प्राधिकरणाने माहिती अधिकारातल्या उत्तरात सांगितलं होतं. ती माहिती कुणी चोरून नेली नव्हती, आपल्यासारख्यांनीच कामाचा भाग म्हणून चढवली होती. यादी पाठवण्याआधी बघ, समोरच्याला कोणता रकाना लागतो. बाकीचे काढ. आणि ‘सर्वांना उत्तर’ दाबण्याआधी पत्ते एकदा वाच.

एनआयसीने, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, जून 2022 मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या सूचना काढल्या. कंत्राटी आणि बाह्यस्रोत कर्मचारीही त्यात आले. सरकारी कागद खासगी क्लाउडवर ठेवायचा नाही, बाहेरचं व्हीपीएन वापरायचं नाही, मोबाइलच्या स्कॅनर ॲपने नस्तीचे फोटो काढायचे नाहीत. हा शेवटचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण स्कॅनर दुसऱ्या मजल्यावर असतो. तरी दुसऱ्या मजल्यावर जा. एआयचंही तेच सूत्र आहे. केंद्रीय वित्त मंत्रालयाने जानेवारी 2025 मध्ये कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी आणि डीपसीक वापरू नका असं कळवलं, ते सरकारी माहितीच्या गोपनीयतेसाठी. पत्राचा मसुदा सुधारायला म्हणून तू आख्खी टिपणी तिथे चिकटवलीस तर ती टिपणी कार्यालयाबाहेर गेली, मग मसुदा कितीही सुबक होवो.

फसवे मेल येतीलच, आणि ते अडाण्यासारखे लिहिलेले नसतील. सरकारी मेलच्या सुरक्षेसाठी दिलेल्या ‘कवच’ या ॲपच्याच बनावट प्रती करून हल्लेखोरांनी सरकारी कर्मचाऱ्यांना गाठलं होतं. वेतनवाढ, महागाई भत्ता, बदल्यांची यादी अशा विषयांवर बोट लगेच जातं, तिथेच थांब. आणि चुकून उघडलंच तर लपवू नकोस. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते. तू भीतीने दुपारभर गप्प बसलीस तर त्यातले चार तास तूच संपवलेस. संगणक नेटवर्कवरून काढ, तांत्रिक कक्षाला सांग, वरिष्ठांना सांग, याच क्रमाने.

खासगी वापराबद्दल थोडक्यात. कार्यालयाच्या नेटवर्कवर नोंद राहते हे धरून चाल. तिकीट काढणं, मुलाच्या शाळेचं पान बघणं यावर कुणी चौकशी लावत नाही. पण कार्यालयाच्या मेल यादीवर घरच्या समारंभाचं निमंत्रण पाठवणं 2015 च्या धोरणाने स्पष्टपणे गैरवापरात धरलं होतं, आणि वास्तुशांतीचं आमंत्रण मात्र हमखास त्याच यादीवर येतं. समाजमाध्यमांवर स्वतःचं आणि कार्यालयाचं खातं वेगळं ठेव. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 चे आहेत, तेव्हा फेसबुक नव्हतं. म्हणून ते फेसबुकला लागत नाहीत असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

शेवटी चार्ज, म्हणजे पदभार, देण्याविषयी, कारण तो दिवसही येईल. चार्ज यादीत कपाटं, नस्त्या, शिक्के असतात, मेलबॉक्स नसतो. तू तो घाल. प्रलंबित मेलची यादी कर, कुणाचं उत्तर यायचंय, कुणाला द्यायचंय ते लिही, पासवर्ड नव्या माणसासमोर बदलून घे आणि यादीवर त्याची सही घे. ‘साफ करून देते’ म्हणून जुने मेल पुसू नकोस. तुला जो कचरा वाटतो त्यात एखाद्या विधवेच्या निवृत्तिवेतनाची एकमेव पोच असू शकते.

कुठे अडलीस तर मला जरूर लिही, पण स्वतःच्या पत्त्यावरून. आणि प्रश्न विचारताना नस्तीतला मजकूर, नाव किंवा क्रमांक घालू नकोस. मी आता सेवेत नाही, ते बघण्याचा मला अधिकार नाही. नियमाबद्दल विचारलंस तर मला माहीत असेल तेवढं सगळं सांगेन.

तुझी,
एक जुनी सहकारी