जुन्या जिप्सीचं स्टिअरिंग 60 ला थडथडतं, डॅम्पर बदलून थांबेल का आणि घरी काही करता येईल का?

डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा शॉक ॲब्झॉर्बर) लगेच घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की 1998 ची जिप्सी किंग आहे, 60 ला खड्डा किंवा पुलाचा जॉइंट आला की स्टिअरिंग अंगात आल्यासारखं हलायला लागतं, 30 च्या खाली आल्याशिवाय थांबत नाही, बॅलन्सिंग दोनदा झालंय. अगदी हेच माझ्या 1997 च्या जिप्सीत व्हायचं. मी पण एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून आधी डॅम्परच टाकला, चार महिने गाडी छान चालली आणि मग खंबाटकी उतरताना परत तेच, मुलगी शेजारी बसलेली, तेव्हा पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. डॅम्पर थडथड नुसती दाबून ठेवतो, ती जिथून येते ती जागा आतल्या आत झिजतच राहते.

ती जागा म्हणजे बहुतेक वेळा किंगपिनची, म्हणजे चाक ज्या खुंट्यांवर डावीउजवीकडे वळतं त्यांची बेअरिंगं. जिप्सीला पुढे सॉलिड ॲक्सल आहे, त्याच्या टोकाला गोळा असतो आणि त्याच्यावर नकल (चाक ज्याला बसवलेलं असतं तो वळणारा भाग) वर एक खाली एक अशा टेपर बेअरिंगवर फिरतो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चार. ही बेअरिंगं थोडी आवळून बसवलेली असतात, तो आवळ गेला की नकल सैल फिरतो आणि चाकाला एक धक्का बसला की ते डावीउजवीकडे नाचायला लागतं.

तपासायचं असं. मागच्या चाकांना पुढून मागून दगड लावा, पुढचा ॲक्सल उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा (नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, हात जोडून सांगतो), चाक वर आणि खाली धरून हलवा. प्ले (सैलपणा) लागला तर घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा, ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. प्ले अजिबात नसला तरी सुटलो असं समजू नका, टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं एकत्र वळवणारा दांडा) सोडवून नकल हाताने फिरवून बघा, तो जड फिरायला पाहिजे, झोपाळ्यासारखा सुटा फिरत असेल तर आवळ गेलेलाच आहे. त्याच वेळी टाय रॉड एंड, स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट पण बघून घ्या.

घरी होतं का तर होतं, मी अंगणात दोन रविवारात केलं, एका रविवारी एक बाजू. ब्रेकचा कॅलिपर सोडला की तारेने पाट्याला बांधून ठेवा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. ॲक्सल शाफ्ट ओढला की डिफरन्शियलचं ऑइल थोडं येतं, खाली पसरट भांडं ठेवा. वरची किंगपिन वर आणि खालची खाली, शिम (पिनखालच्या पातळ पत्र्याच्या चकत्या) पण ज्या त्या पिनबरोबर तारेत ओवून चिठ्ठी लावून ठेवा, मिसळले तर सगळा हिशोब चुकतो. नकल काढताना खालचं बेअरिंग टपकन पडतं, हात धरून ठेवा.

माझ्या डाव्या नकलमधून आधी काळं पाणी आलं आणि मग साबणासारखं पांढरट ग्रीस, कारण बाहेरचं फेल्टचं सील फाटलेलं आणि मी नदीतून गाडी घालून नंतर ग्रीसकडे कधी बघितलंच नव्हतं. कप (बेअरिंगची बाहेरची रिंग) डिझेलने धुऊन नखाने चाचपला तर रोलर बसून बसून आडव्या खाचा पडलेल्या, नख अडकत होतं. पुष्कळ लोक बेअरिंग न बदलता एक शिम काढून आवळतात, पण खाचा असतील तर ते टिकत नाही, वर स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. बेअरिंगं कपासकट बदला, नवे कप रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले तर पितळी दांड्याने सहज बसतात. आतलं ऑइल सील पण आत्ताच टाका, नाहीतर डिफरन्शियलचं ऑइल नकलमध्ये येऊन नवीन ग्रीस पातळ करतं.

आता मुख्य काम म्हणजे आवळ. बाहेरचं सील न लावता, टाय रॉडच्या भोकात भाजी मोजायचा हुकचा काटा अडकवून ओढा, नकल 1 ते 1.8 किलोला हलायला लागला पाहिजे. त्याआधीच हलला तर वरचा एखादा शिम कमी करा, जास्त लागलं तर वाढवा. मला एका बाजूला चार वेळा खोलावं लागलं, कंटाळा करू नका, सगळं ह्याच्यावर अवलंबून आहे. जोडून झाल्यावर टो-इन बघा, म्हणजे दोन पुढच्या चाकांमधलं पुढच्या बाजूचं अंतर मागच्या बाजूपेक्षा 2 ते 6 मिलीमीटर कमी हवं, आणि पाण्यातून गाडी गेली की नकल उघडून ग्रीस बघत जा.

बेअरिंग मिळतील का ही काळजी नको, जिप्सी 2019 पर्यंत विकली जात होती आणि सैन्याकडे पण भरपूर होत्या, त्यामुळे स्पेअर्स अजून मिळतात. काम होईपर्यंत 50 च्या वर जाऊ नका आणि थडथड सुरू झालीच तर ब्रेक जोरात दाबू नका, ॲक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग घट्ट धरून स्पीड उतरू द्या. आधी ती ब्रेकची टेस्ट करा आणि काय निघालं ते कमेंटमध्ये लिहा, कपचा फोटो टाकलात तर बघून सांगतो.