वाचकांचे प्रश्न : स्वयंचलित ड्रोन आणि उड्डाणाची कायदेशीर वेळ

प्रश्न : महोदय, आमच्या गटाचा ड्रोन दररोज ठरलेल्या मार्गाने आपोआप उडून जमिनीची छायाचित्रे घेतो. नियमानुसार आम्हांला सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच काळात उड्डाणाची मुभा आहे. वेळापत्रकात आम्ही सकाळी ६ ते सायंकाळी ६ असे तास कायमचे नोंदवून ठेवले आहेत. एवढे पुरेसे आहे का? नसल्यास ही वेळ संगणकाने कशी ठरवावी?

उत्तर : एवढे पुरेसे नाही. सूर्यास्ताची वेळ तारखेनुसार बदलते आणि त्या बदलाचा वेग अक्षांशावर अवलंबून असतो. विषुवदिनाच्या (दिवस-रात्र समान असतात त्या दिवसाच्या) सुमारास २० अंश अक्षांशावर सूर्यास्त रोज एका मिनिटाहून कमी सरकतो, तर ६० अंशांवर तो रोज अडीच ते तीन मिनिटांनी सरकतो, म्हणजे तेथे पंधरवड्यापूर्वीचे वेळापत्रक अर्ध्या तासाहून अधिक चुकलेले असते. रेखांशाच्या प्रत्येक अंशामागे ४ मिनिटांचा फरक पडत असल्याने जवळच्या मोठ्या शहराची वेळ उसनी घेणेही बरोबर नाही. त्या दिवसाची तारीख आणि उड्डाणस्थळाचे अक्षांश-रेखांश घेऊन प्रत्येक उड्डाणापूर्वी नव्याने गणित करावे.

गणित करण्यापूर्वी आपल्याला लागू असलेल्या नियमातील शब्द मात्र नीट वाचावेत. सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजाला टेकते तो क्षण म्हणजे सूर्यास्त. वातावरणातील वक्रीभवन आणि बिंबाची त्रिज्या हिशेबात धरता त्या वेळी बिंबाचे केंद्र क्षितिजाखाली सुमारे ५० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) असते. काही नियमांत मर्यादा सूर्यास्ताची नसून नागरी संधिप्रकाशाची (सूर्य क्षितिजाखाली असतानाही टिकणाऱ्या उजेडाची) असते आणि त्याचीही व्याख्या सर्वत्र सारखी नाही. युरोपीय नियमांत सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला की संधिप्रकाश संपतो. अमेरिकेच्या हवाई नियमावलीतील लहान ड्रोनसाठीच्या ‘भाग १०७’ मध्ये, अलास्का वगळता, सूर्योदयापूर्वीची आणि सूर्यास्तानंतरची ३० मिनिटे म्हणजे संधिप्रकाश असे सरळ घड्याळाने ठरवले आहे. म्हणून ‘उजेड आहे तोवर’ अशी मोघम अट प्रोग्रॅममध्ये घालू नये. प्रकाशमापक संवेदकावरही विसंबू नये, कारण १०० मीटर उंचीवरून सूर्य जमिनीपेक्षा मिनिटभर तरी अधिक काळ दिसतो आणि कायदा त्या उंचीवरचा सूर्यास्त मोजत नाही. उच्च अक्षांशांवर काही दिवस सूर्य उगवतच नाही किंवा मावळतच नाही. अशा दिवशी गणिताला उत्तर मिळत नाही. उत्तर न मिळाल्यास प्रोग्रॅमने उड्डाण रोखावे, आधीचे उत्तर वापरून पुढे जाऊ नये.

दुसरा मुद्दा घड्याळाचा. सर्व हिशेब यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत ठेवावा आणि स्थानिक वेळ केवळ पडद्यावर दाखवण्यापुरती वापरावी, म्हणजे उन्हाळी वेळेचा बदल होणाऱ्या प्रदेशात एका तासाची चूक शिरणार नाही. अनेक उड्डाण-नियंत्रकांमध्ये (ड्रोनमधील उड्डाण सांभाळणाऱ्या संगणकांमध्ये) वीज बंद असताना चालू राहणारे घड्याळ नसते. उपग्रहांचा संकेत मिळेपर्यंत त्यांना खरी वेळ ठाऊकच नसते. जीपीएसची स्वतःची वेळ २०१७ च्या जानेवारीपासून यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. एवढ्या सेकंदांनी उड्डाण अवैध क्वचितच ठरेल, पण दोन यंत्रांच्या नोंदी जुळवताना हा फरक गोंधळ घालतो. वेळेची खात्री नसेल तर ड्रोनने जमीन सोडू नये, ही अट सर्वांत वर असावी.

आता मुख्य गोष्ट. मुभा संपण्याची वेळ ही उतरून झालेले असण्याची वेळ आहे, त्यामुळे तिच्यापासून मागे मोजत यावे. समजा, ड्रोन तळापासून ३ किलोमीटरवर आहे आणि हवेच्या सापेक्ष त्याचा वेग सेकंदाला १२ मीटर आहे. वारा नसताना परतीला ४ मिनिटे १० सेकंद लागतील, परंतु समोरून सेकंदाला ५ मीटर वारा असल्यास तोच प्रवास ७ मिनिटांवर जाईल. पुढे १०० मीटर खाली येताना पहिले ९० मीटर सेकंदाला दीड मीटर आणि शेवटचे १० मीटर सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने उतरायचे म्हटले, तर आणखी १ मिनिट २० सेकंद जातात. म्हणजे साडेआठ मिनिटे तर निव्वळ परतण्यातच जातात. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला किंवा तळावर कोणी उभे असले, तर आणखी काही मिनिटे हाताशी हवीत. माझ्या मते अशा मोहिमेत मुभा संपण्याच्या १५ मिनिटे आधी परतीचा निर्णय झालेलाच असावा. हा हिशेब प्रत्येक वेपॉइंटवर (मार्गावरील ठरलेल्या बिंदूवर) त्या क्षणी मोजलेल्या वाऱ्यानुसार पुन्हा करावा आणि पुढच्या बिंदूवर जाऊन वेळेत परतता येत नसेल, तर काम अपुरे सोडून परत फिरावे. उरलेली छायाचित्रे दुसऱ्या दिवशी घेता येतात. तसेही सूर्य फार कलला की लांब सावल्यांमुळे मोजणीच्या छायाचित्रांची प्रत घसरते.

उजेडाखेरीज हवाई क्षेत्रावरील तात्पुरते निर्बंध आणि जागामालकाने ठरवलेले तास असतात. या सर्वांतील सामाईक काळ तेवढाच आपला.

प्रश्न : उड्डाण लांबून मर्यादेची वेळ हवेतच उलटली, तर ड्रोनने असेल तेथे ताबडतोब उतरावे, अशी आज्ञा देऊन ठेवणे योग्य ठरेल का?

उत्तर : नाही. खाली पाणी, रस्ता किंवा माणसे असू शकतात. नियमभंगाची भीती कोणाच्या डोक्यावर ड्रोन उतरवण्याचे कारण होऊ नये. वेळ उलटली तरी ड्रोनने आधीच निश्चित केलेल्या सुरक्षित मार्गाने तळावर किंवा पर्यायी जागी परतावे, सोबत दिवे असल्यास ते चालू व्हावेत आणि देखरेख करणाऱ्या माणसाला तत्काळ सूचना जावी. बॅटरी कमी होणे, संपर्क तुटणे यांसाठीच्या सुरक्षा-आज्ञांना वेळेच्या अटीने कधीही अडवू नये. वेळेच्या अटीचा अधिकार नवे उड्डाण रोखण्यापुरता आणि चालू काम लवकर थांबवण्यापुरता असावा. झालेल्या उल्लंघनाची नोंद उड्डाणाच्या मूळ माहितीसह जपून ठेवावी, नियमानुसार ते कळवणे बंधनकारक असल्यास कळवावे, आणि कारण सापडून हिशेब सुधारेपर्यंत त्या मार्गावरील पुढची उड्डाणे थांबवावीत.