डायरी लिहिली, पण मेरीला कुठं दिली?

"आक्का, मी भुसावळचा, वय २७, जळगावला दालमिलमध्ये कामाला. साखरपुडा झालाय, मुलगी धुळ्याची. ती म्हणते तुम्ही फोनवर 'हं' आणि 'बरं' सोडून काही बोलतच नाही. पण माझा स्वभावच रेड डेड रिडेम्प्शन २ या व्हिडिओ गेममधल्या आर्थर मॉर्गन या दरोडेखोरासारखा, कमी बोलणारा पण मनातून खरा. मनातलं मी मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवतो. सीझन संपला की निवांत बोलेन म्हटलं तर ती रडली. त्याच्या प्रेयसीने, मेरीने पण आर्थरला सोडलंच ना, मुलींना खरा माणूस कळत नाही का?"

भाऊ, आक्काला गेममधलं काय कळतं असं समजू नको. मागच्या मे महिन्यात बाहेर रस्ता तापून राहिला होता अन माझा भाचा कूलरसमोर बसून हाच गेम खेळत होता, मी मागे लसूण सोलत सोलत शेवटपर्यंत बघितला. रडले पण, भाच्याला सांगितलं लसणाने डोळे चुरचुरताय.

तर मी जो आर्थर बघितला तो तुझ्यापेक्षा वेगळा निघाला. त्याच्या तंबूत मेरीचा फोटो आहे, डायरीत तिच्याबद्दल लिहून ठेवतो, म्हणजे मन तर काठोकाठ भरलेलं, पण ती डायरी मेरीच्या हातात कधी पडतच नाही रे. शेवटी जाते कोणाकडे, तर त्याच्या टोळीतल्या जॉनकडे! आणि मेरीने काय एका झटक्यात सोडलं का? ती स्वतःहून चिठ्ठ्या पाठवते, भावाला परत आणायला त्यालाच बोलावते, नंतर सेंट डेनिस शहरात तर सरळ म्हणते की चल, निघून जाऊ इथून. तर हा म्हणतो आधी पैशांचं बघतो, मग येतो. तुझा सीझन अन त्याचे पैसे, मला तर एकच वाटलं बुवा. मग एक दिवस चिठ्ठीसोबत अंगठी परत येते. तू दोनदा खेळला असशील तरी ते पान घाईत पुढे ढकललंस वाटतं. आणि शेवटी नावं येताना ती त्याच्या कबरीवर उभी दिसते ना, ती काय न कळणारी बाई आहे?

दुसरं म्हणजे आर्थर गप्प का, ते पण बघ. त्याच्या पोराची आई एलायझा आणि तो पोरगा आयझॅक, दहा डॉलरसाठी दोघांना मारून टाकलं लोकांनी, हा पोचला तर दारात दोन क्रॉस. ते ओझं घेऊन माणूस मुका झाला तर समजू शकते. तुझ्या पत्रात तसं काही दिसलं नाही, असेल तर तिला सांग, मला नको. नसेल तर मग भो, ही नुसती सवय आहे, आपल्याकडे घरोघरी वडील अशेच, बायकोला आयुष्यभर "जेवली का" एवढंच विचारलं. माझ्या दादांनी पण तेच केलं, आणि आई ते समजून घ्यायची हे खरं, पण तिने तरी किती वर्षं नुसतं समजूनच घ्यायचं.

तू पत्रात शेवटी एक नोट चिकटवलीयेस, बहुतेक चुकून: "पिवळ्या ड्रेसमधला फोटो पाठवला तिने. मी अंगठा पाठवला. दुपारच्या सुट्टीत तीनदा काढून बघितला." अरे हे तू मला पाठवतोय?! मी काय करू याचं?

आज रात्री हेच तीन वाक्य जशेच्या तशे तिला पाठव, काना-मात्रा सुधारत बसू नको. लगेच फोन करू नको, वाचू दे तिला. रविवारी सुट्टी असेल तर सकाळची एसटी धर अन धुळ्याला जा, तिच्या घरच्यांना आधी विचारून, आणि तिथे शेवभाजी खाताना बोलायला सुचलं नाही तर मोबाईल काढून दुसरी नोट वाचून दाखव, हसली तर हसू दे.

आणि तो अंगठा पाठवणं बंद कर आधी. धुळ्याची आहे, पहिलं उत्तर तिखटच येईल, तेव्हा परत "हं" म्हणू नको म्हणजे झालं.

— आक्का