संस्थेचं कार्ड, घरची औषधं

‘संस्थेच्या कार्डावर चुकून घरचा खर्च झाला. आता मला चोर म्हणतील का?’ सेवासंस्थांत काम करणाऱ्यांकडून हा प्रश्न वरचेवर येतो. बेळगावजवळच्या खानापूर भागात एका चर्चच्या संस्थेत काम करणाऱ्या ताईंचं असंच झालं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). आईची औषधं ॲपवर मागवली, ॲपमध्ये संस्थेचं क्रेडिट कार्ड आधीच साठवलेलं होतं, १,८४० रुपये तिथूनच गेले. झोप उडाली. मग मनात आलं, प्रवासखर्चाच्या व्हाउचरमध्ये बसवून टाकू.

तिथंच त्यांना थांबवलं. आतापर्यंत झालं ते अनवधानानं. खोटं व्हाउचर केलं असतं तर ती अफरातफर झाली असती.

त्याच दिवशी खजिनदारांना चार ओळी लिहायच्या ठरल्या: तारीख, रक्कम, दुकान, कसं घडलं. पैसे रोख द्यायचे नाहीत, ‘पुढच्या पगारात वळते करा’ असंही म्हणायचं नाही. स्वतःच्या खात्यातून संस्थेच्या खात्यात भरायचे, यूटीआर क्रमांक (बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक) पत्रावर टाकायचा आणि पत्राची पोच घ्यायची. हिशेबात ही रक्कम ‘कर्मचाऱ्याकडून येणे’ अशी दिसली पाहिजे. एखाद्या देणगीदाराच्या प्रकल्पाखाली ती आधीच पडली असेल, तर तिथली नोंद दुरुस्त करून घ्यायची.

बोलता बोलता खरी गोम कळली. कार्ड सचिवांच्या नावावर, पण ते ताईंच्या पर्समध्ये आणि बँकेत नोंदवलेला मोबाइलही ताईंचाच. त्यामुळे ओटीपी नेहमीसारखा आला, त्यांनी टाकला. लहान संस्थांत ही सोय सर्रास चालते, आणि ती घातक आहे. कार्डाची गुप्त माहिती दुसऱ्याला देण्यासारख्या ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगून ठेवलंय. ताईंच्या नावाचं, कमी मर्यादेचं वेगळं कार्ड मागणं हाच सरळ उपाय. फोनमधल्या प्रत्येक ॲपमधून जुनं कार्ड काढायचं, हे ओघानं आलंच.

बिलांचं म्हणाल तर, कार्ड मशीनमधून येणारी स्लिप म्हणजे बिल नव्हे. तिच्यावर रक्कम असते, काय घेतलं ते नसतं. बेळगावच्या दुकानातलं बिल कानडीत असेल तर मागे मराठीत वस्तू आणि काम लिहून ठेवावं. पेट्रोलच्या बिलावर गाडीचा नंबर हवा. थर्मल कागद पुसट होतो, म्हणून फोटो त्याच दिवशी. या कार्डावर एटीएममधून रोख काढू नये, व्याज त्याच दिवसापासून चढतं.

राहिला प्रश्न सचिवांच्या खर्चावर सही कुणाची. ती खजिनदारांनी करावी, असं बोलून दाखवायला ताई कचरत होत्या. पत्रात शेवटी तेवढी एक ओळ घातली.