दिग्दर्शक नेमकं कोणाला व्हायचंय?

प्रश्न : मी राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे, वय 51. आमचं घर सिनेमावेडं. दर रविवारी आम्ही चौघं मिळून सिनेमा पाहतो आणि परतताना गाडीत मी त्याचं विश्लेषण करतो. मोठी मुलगी बारावी सायन्सला आहे, अकरावीला 68 टक्के होते. तिने दिग्दर्शक व्हावं असं आम्ही ठरवलं आहे. गेल्या सुटीत घरच्या घरी 12 मिनिटांची शॉर्टफिल्म केली, पण ती पूर्ण वेळ माइक आणि हेडफोनमध्येच रमली. शेवटी दिग्दर्शन मलाच करावं लागलं. तिला आत्मविश्वास जरा कमी आहे. तिला बारावीनंतर थेट एफटीआयआयला, म्हणजे पुण्याच्या सरकारी चित्रपट संस्थेत घालावं, की वेळ न दवडता कमी बजेटचा स्वतंत्र मराठी चित्रपटच करायला घ्यावा? स्वेच्छानिवृत्ती घेऊन पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्यात घालायची माझी तयारी आहे. दादासाहेब फाळक्यांनीही विमा पॉलिसीवर कर्ज काढलंच होतं. पत्नी म्हणते, आधी पदवी होऊ दे. पण तिला सिनेमातलं फारसं कळत नाही. कृपया मार्गदर्शन करावं.
– एक पालक

उत्तर : मार्कांचं बाजूला ठेवू. 68 टक्क्यांनी या क्षेत्रात कोणाचं काही अडत नाही. तुमचं पत्र वाचताना मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटली. अख्ख्या पत्रात तुमच्या मुलीच्या तोंडचं एकही वाक्य नाही. तिने काय व्हावं, कधी व्हावं, कोणाच्या पैशावर व्हावं, सगळं ठरलेलं आहे. आत्मविश्वास कमी असल्याचं निदानही तुम्हीच केलंत.

माझ्याकडे येणारी बहुतेक पत्रं याच्या उलट असतात. मुलाला सिनेमात जायचं असतं आणि घरचे आडवे पडलेले असतात. त्यात निदान भांडायची सोय असते. मूल रुसतं, हट्ट करतं, मामाला मध्ये घालतं, आणि त्या ओढाताणीत त्याला स्वतःलाही कळतं की आपल्याला हे खरंच हवंय की नुसतं वेड आहे. तुमच्या मुलीला ती सोयच नाही. वडील दार उघडून उभे आहेत आणि हातात आयुष्यभराची शिल्लक आहे. सतरा वर्षांच्या मुलीने त्यांना ‘बाबा, मला हे नकोय’ असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? दबाव म्हटलं की आपल्याला ओरडणारा बाप आठवतो. इतक्या प्रेमाने दिलेला दबाव ओळखू येत नाही, म्हणून तो झटकताही येत नाही. आणि चित्रपट पडला, जे पहिल्या चित्रपटाच्या बाबतीत सहज होऊ शकतं, तर विशीच्या आतच तिच्या डोक्यावर एक हिशेब बसेल : बाबांची नोकरी आणि पीएफ माझ्यामुळे गेलं. तुम्ही कधी तसं बोलून दाखवणार नाही, हे मी मान्य करतो. तुम्ही न बोलताही तो हिशेब तिच्या डोक्यात राहील.

रविवारच्या सिनेमाबद्दल. एवढी वर्षं चौघांनी नेमाने एकत्र सिनेमा पाहणं ही दुर्मीळ गोष्ट आहे, तिचं मला कौतुकच वाटतं. पण गाडीतलं विश्लेषण तुम्ही करता, बाकीचे ऐकतात. मुलीला कोणता प्रसंग आवडला, कुठे कंटाळा आला, हे तिने तुमच्याआधी कधी सांगितलं आहे का? सिनेमा संपल्यावर पहिली दहा मिनिटं मनात काहीतरी धूसर चाललेलं असतं, त्याला शब्द सापडलेले नसतात. नेमका तेव्हाच घरातला सगळ्यात जाणकार माणूस निकाल देऊन मोकळा झाला, तर उरलेल्यांचं मत तयारच होत नाही. पुढचे काही रविवार सिनेमा तिला निवडू द्या आणि घरी पोहोचेपर्यंत गप्प बसा. तुम्हाला जड जाईल. तरी बसा.

आता शॉर्टफिल्म. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा तपशील तुम्ही तक्रार म्हणून लिहिला आहे. कॅमेरा होता, संवाद होते, दिग्दर्शकाची खुर्ची खास तिच्यासाठी राखून ठेवली होती, आणि मुलगी जाऊन बसली हेडफोन लावून. कोणी न सांगता माणूस जे काम उचलतो, ते माझ्या लेखी कुठल्याही कलचाचणीपेक्षा जास्त बोलकं असतं. तिला एकच विचारा : शूटिंगच्या वेळी तिने फ्रिज बंद करायला लावला होता का? कोणी कपड्यांची सळसळ केली, बाहेर रिक्षा गेली, तेव्हा चालू शॉट थांबवून ‘परत घ्या’ म्हणाली होती का? म्हणाली असेल, तर तिने दिग्दर्शकाला, म्हणजे तुम्हाला, सगळ्यांसमोर थांबवलं. आत्मविश्वास नसलेली मुलगी हे करत नाही. लोकेशनवरचे साउंडवाले फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली त्यातच ठेवतात, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायचं विसरायला होत नाही. हा किस्सा तिला सांगून बघा. ती हसली, तर पुढचं सगळं तिच्यासाठी आहे.

त्याआधी फाळके. कमी बजेटच्या चित्रपटाचा विषय निघाला की हे उदाहरण हमखास येतं आणि जवळजवळ नेहमीच अर्धं सांगितलं जातं. पॉलिसीवर कर्ज काढलं, सरस्वतीबाईंनी साथ दिली, घर पणाला लावलं आणि ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. हे सगळं खरंच आहे. पण 1911 मध्ये मुंबईत घरच्यांना घेऊन ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहायला गेले, तेव्हा फाळके चाळिशीचे होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन पालथं घालून झालं होतं. छायाचित्रणाचा व्यवसाय करून झाला होता, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी झाली होती, छापखाना काढला होता आणि छपाईचं तंत्र शिकायला ते जर्मनीलाही जाऊन आले होते. भिंग, रसायनं, प्रकाश, यंत्र यांत वीस वर्षं हात काळे केलेला माणूस होता तो. पॉलिसीवरच्या पैशाने ते 1912 मध्ये लंडनला गेले ते तंत्र समजून घ्यायला आणि कॅमेरा आणायला. परत आल्यावरही त्यांनी थेट मोठा चित्रपट काढला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, त्याचा वेल होईपर्यंत रोज थोडी थोडी फिल्म खर्च केली आणि मिनिटभराची एक चित्रफीत बनवली. ती पाहून भांडवल देणारा पटला. सरस्वतीबाई स्वतः फिल्मला छिद्रं पाडायच्या, फिल्म धुवायच्या आणि एवढ्या मोठ्या चमूचं जेवणही बघायच्या. मुलगा भालचंद्र चित्रपटात हरिश्चंद्राचा मुलगा रोहिताश्व झाला. म्हणजे घरच्यांनी पैशापेक्षा जास्त घातली ती मेहनत, आणि पणाला लागलं ते एका मुरलेल्या कारागिराचं स्वतःचं आयुष्य. तुम्ही पणाला लावताय तुमची निवृत्ती, तीही सतरा वर्षांच्या मुलीच्या न शिकलेल्या कौशल्यावर. या दोन गोष्टींची तुलना होत नाही.

आजची उदाहरणंही हेच सांगतात. 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागात सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा ‘साबर बोंडं’ हा रोहन कानवडे यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. ते मूळचे इंटिरिअर डिझायनर, आणि त्याआधी बरीच वर्षं ते शॉर्टफिल्म करत होते. पहिला चित्रपट म्हणून आपल्यासमोर जो येतो, तो करणाऱ्याचं पहिलं काम क्वचितच असतं.

पैशाचं थोडक्यात सांगतो, तुम्ही बँकेतले आहात. ‘कमी बजेट’ म्हणून जो आकडा सांगितला जातो तो बहुतेकदा शूटिंगपुरता असतो. पुढे संकलन, डबिंग, मिक्सिंग, रंगसंस्कार, सेन्सॉर प्रमाणपत्र, थिएटरसाठी डिजिटल प्रत आणि जाहिरात. तिकिटाच्या पैशातून आधी जीएसटी जातो, मग थिएटरचा वाटा, मग वितरकाचं कमिशन. निर्मात्याच्या हाती उरतं ते त्यानंतर. सरकारी अनुदानावर भिस्त ठेवणार असाल तर ते चित्रपट पूर्ण झाल्यावर, परीक्षण समितीने दर्जा ठरवल्यावर मिळतं. चित्रपट बनवण्यासाठी ते मिळत नाही. असा कर्जाचा प्रस्ताव तुमच्या टेबलावर आला असता तर तुम्ही सही केली असती का?

आणि हो, ज्यांना सिनेमातलं कळत नाही असं तुम्ही लिहिलंत, त्या तुमच्या पत्नीचं वाक्य पत्रात सगळ्यात बरोबर आहे. एफटीआयआयच्या दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी या तीन वर्षांच्या मुख्य अभ्यासक्रमांना पदवी लागते. बारावीनंतर ‘थेट’ जाता येत नाही. पदवी, मग पुण्याच्या एफटीआयआयची किंवा कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेची प्रवेशपरीक्षा, नाहीतर एखादा खासगी अभ्यासक्रम : रस्ता एवढाच आहे, आणि तो इंटरनेटवर तिचा तिला सापडेल.

ध्वनीबद्दल मात्र लिहायला हवं, कारण तुमच्या घरात त्याला काम समजलं जात नसावं असं वाटतं. प्रेक्षक थोडं अंधारलेलं, थोडं हललेलं चित्र चालवून घेतो. संवाद कळला नाही की मात्र त्याचा धीर सुटतो. हौशी आणि कमी पैशातले कितीतरी चित्रपट नेमके इथे मार खातात, कारण सगळा खर्च कॅमेऱ्यावर झालेला असतो आणि बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, धरायला कोणाचा तरी मोकळा असलेला भाऊ उभा केलेला असतो. आपल्याकडे अनेक दशकं कॅमेऱ्यांचा आवाज आणि सेटवरचा गोंगाट यांमुळे संवाद नंतर स्टुडिओत डब व्हायचे. ‘लगान’ (2001) नंतर हिंदीत सिंक साउंड, म्हणजे जागेवरच ध्वनिमुद्रण, पुन्हा रुळत गेलं. वास्तववादी ढंगाच्या चित्रपटांना आणि वेब सिरीजना आज त्याची गरज आहे. लोकेशन साउंड, संवाद संकलन, फॉली (पावलं, कपडे यांसारखे आवाज नंतर स्टुडिओत तयार करणं), साउंड डिझाइन, मिक्सिंग ही सगळी वेगवेगळी, शिकून येणारी कामं आहेत. या विभागात मुली अजून कमी दिसतात. काम बरंचसं रोजाने मिळतं, पैसे उशिरा येतात, बारा-बारा तास हात वर करून बूम धरावा लागतो. हे तिला गोड करून सांगू नका.

सायन्स वाया गेलं अशी तुमची समजूत असेल तर तीही सोडा. ध्वनी म्हणजे फिजिक्सच. ध्वनीसाठी ऑस्कर मिळालेले रसूल पूकुट्टी एफटीआयआयला गेले ते फिजिक्सची पदवी घेऊनच. तिला फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.एस्सी. करायची असेल तर उत्तमच. नसेल तर दुसरी कोणतीही पदवी चालेल, पण त्या तीन वर्षांत कॉलेजच्या एकांकिका, मित्रांच्या शॉर्टफिल्म, पॉडकास्ट जे मिळेल त्यात तिने आवाजाचं काम करावं. एक बरा रेकॉर्डर, एक माइक आणि चांगला हेडफोन घेऊन द्या. त्याला पीएफला हात लावावा लागत नाही. प्रत्येक जागी अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची सवय तिने लावून घ्यावी. व्यवसायात त्याला रूम टोन म्हणतात, आणि संकलनाच्या टेबलावर त्याची किंमत कळते. अर्थात, हे सगळं तिला विचारून. हेडफोन बघून मी तिला साउंड रेकॉर्डिस्ट करून टाकलं, तर तुमच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? कदाचित शूटिंगच्या गडबडीत तिला फक्त एक शांत कोपरा हवा असेल. तसं असेल तर तेही ऐकून घ्या.

उरला तुमचा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही. ‘दिग्दर्शन मलाच करावं लागलं’ या वाक्यात मला नाइलाज दिसला नाही, आनंद दिसला. सिनेमा करायची इच्छा बहुधा तुमची आहे आणि 51 हे काही त्याचं वय उलटल्याचं लक्षण नाही. मग ती सरळ तुमच्या नावाने करा. एफटीआयआयचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम वय झालेल्यांनाही खुले असतात, प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्या आहेत, शनिवार-रविवार तुमचेच आहेत. दहा मिनिटांच्या दोन-तीन गोष्टी स्वतः लिहा, स्वतः दिग्दर्शित करा, पगारातून जमेल तेवढाच पैसा घाला आणि त्या रकमेवर आधी पत्नीची संमती घ्या. साउंडसाठी मुलीला विचारायला हरकत नाही. पण कामाचं विचारा, आणि बारावीची परीक्षा झाल्यावर. नाही म्हणाली तर दुसरा माणूस शोधा.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज अजून दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल आणि मंजूर झाला नसेल, तर मागे घेता येतो का ते याच आठवड्यात तुमच्या एचआर विभागात विचारा. आणि मुलीला काही विचारायचं असेल तर तिने मला स्वतंत्रपणे लिहावं. तिचं पत्र तुम्ही आधी वाचू नये, एवढी विनंती.