कॉटवरचा पसारा आणि कॉटखालची बॅग

वसतिगृहांचे प्रवेश झाले की पुढं वर्षभर एक तक्रार माझ्याकडं येत राहते. कधी मुलं स्वतः येतात, कधी वडील फोन करतात. "मॅडम, रूम एवढीशी. पसारा आवरतच नाही, मग अभ्यास काय होणार?" जळगाव असो, धुळे असो, नंदुरबार असो, बोलणं तेच. सोबत निकालही लागलेला असतो: "मी आहेच आळशी." हा निकाल मी पहिल्याच भेटीत बाजूला ठेवायला लावते. माणसाचं वागणं त्याच्यावर जेवढं, तेवढंच भोवतालच्या परिस्थितीवर ठरतं, हे कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञानं १९३६ साली मांडलं. माझं कामही त्याच वाटेनं चालतं. आळस नेमका कुठं आहे हे कुणालाच दाखवता येत नाही. बादली कुठं आहे ते दाखवता येतं, आणि हलवताही येते.

शिरपूर तालुक्यातली एक मुलगी संक्रांतीच्या सुमारास आली होती (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). जळगावला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. एका खोलीत तिघी, तीन लोखंडी कॉट, तीन अरुंद कपाटं. रूममेटनी बोलणं जवळपास टाकलेलं. झोप लागत नाही, वाचायला बसलं की डोळे मिटतात. मी कागद पुढं केला. "खोली काढ. वस्तू जिथं आहेत तिथंच दाखव."

तिनं कॉट काढली आणि सगळं तिच्यावरच काढलं. पुस्तकं, चार्जर, ओला टॉवेल, मेसचं ताट, घरच्या बिबड्यांचा डबा.

"झोपतेस कुठं?"

"भिंतीकडं. कडेला मावते मी."

रिचर्ड बूट्झिननं १९७२ मध्ये निद्रानाशासाठी सुचवलेला उपाय मला इथं नेहमी आठवतो: अंथरुणावर फक्त झोपायचं. जिथं जेवतो, मोबाइल बघतो, गणितं सोडवतो, तिथं पाठ टेकली की मेंदूला कशाची वेळ झाली ते कळत नाही. हिची झोप आणि अभ्यास दोन्ही तिथंच अडकले होते. पण तिघींना तीन कपाटं असताना सामान कॉटवर का, हे मात्र अजून सुटत नव्हतं.

"कॉटखाली काय आहे?"

"बॅग."

"रिकामी?"

"नाही, कपडे आहेत. लागतील तसे काढते."

"आणि कपाट?"

"ते रूममेटला वापरायला दिलंय. मला कुठं लागतं मॅडम? शनिवारी घरीच तर जाते."

पुढच्या भेटीत मी एवढंच विचारलं, "बॅग रिकामी केलीस तर काय होईल?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग रडतच म्हणाली, "आई रोज फोनवर म्हणते, तुनाबिगर घर खावाले उठस. मी इथं नीट राहायला लागले तर तिला काय वाटेल?"

ॲडमिशनला सहा महिने होत आले होते आणि ही मुलगी अजून राहायला आलेलीच नव्हती. स्टँडवर गाडीची वाट बघणारा माणूस सामान जसं हाताशी घेऊन बसतो, तशी ती त्या कॉटवर बसलेली होती. पसारा बेशिस्तीचा नव्हता, आईवरच्या मायेचा होता. मला तिचं बालपण उकरावं लागलं नाही, कागदावरच्या चौकोनातून उत्तर निघालं, याचं समाधान मला आजही आहे.

तिला मी कपाट परत मागायला सांगितलं. भांडून नाही: "मला रविवारी कपाट लागेल, तुझं सामान आपण दोघी मिळून हलवू." दिवस ठरलेला आणि मदत देऊ केलेली असली की समोरचीला नाही म्हणणं जड जातं. बॅग त्याच रविवारी रिकामी करायची आणि आईला फोनवर तसं सांगायचं. ती सांगायला घाबरत होती. आईनं विचारलं ते एवढंच, "कुलूप मजबूत आहे ना?"

बाकीचं काम सोपं. दर शनिवारी घरी जाणं ही खरं तर सोयच आहे. आपल्याकडं जानेवारीत हुडहुडी आणि मेमध्ये पारा पंचेचाळिसावर, म्हणजे दोन्ही ऋतूंचं सामान खोलीत ठेवलं तर माणसाला जागा उरणार नाही. होळी झाली की गोधडी, स्वेटर घरी. कूलरला परवानगी असेल तर त्याची जागा आधी मोकळी करा. घरून येणाऱ्या डब्यांचं मी कडक सांगते: आधीचा रिकामा डबा घरी पोचल्याशिवाय भरलेला आणायचा नाही. ठेचा, शेव, बिबड्या तिघींत वाटून संपवा; मुंग्याही लागत नाहीत आणि अबोलाही सुटतो. कॉटच्या पायांखाली विटा ठेवता आल्या तर खाली पेटी सरकते. ताट, टॉवेल, पुस्तक यांना कॉटबाहेर एकेक जागा ठरवा. अभ्यास टेबलावर, टेबल नसेल तर वाचनालयात, तेही नसेल तर जमिनीवर सतरंजी टाकून. कॉटवर नाही म्हणजे नाही.

पालकांनाही एक सांगणं आहे. भेटायला गेलात की खोली आवरायला घेऊ नका. तुम्ही लावलेली वस्तू त्यांना सापडत नाही, आठवड्यात सगळं पुन्हा बाहेर येतं. मात्र मूल आंघोळ टाळतंय, वर्गात जात नाही, जेवण सुटलंय आणि हे आठवडेच्या आठवडे चाललंय, तर प्रश्न खोलीचा नसतो. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

ती मुलगी आता एकाआड एक शनिवारी घरी जाते. पेपरच्या आठवड्यात कॉट पुन्हा भरते, हे तिनंच हसत सांगितलं. मी म्हटलं, भरू दे, पेपर झाले की आवर.