दुसरी भाषा शिकण्यात कुतूहलाचा वाटा किती असतो? ते मुळात नसेल, तर कसे निर्माण करावे?

बेंगळुरूत आल्यावर पहिली दोन वर्षे मी गरजेपुरतेच कन्नड शिकत होते आणि म्हणूनच ते मला येत नव्हते. ‘गरज पडली की भाषा आपोआप येते’ हे माझ्या थोरल्या भावाचे ठाम मत आहे; पण तो स्वतः त्याच शहरात अकरा वर्षे राहूनही ‘कन्नड गोत्तिल्ला’, म्हणजे ‘कन्नड येत नाही’, या दोन शब्दांपुढे गेला नाही, कारण हिंदी-इंग्रजीवर त्याची प्रत्येक गरज भागत होती.

माझे कन्नड सुरू झाले ते शेजारच्या अज्जींच्या स्वयंपाकघरात. भातावर वाढताना त्या ‘तुप्पा’ म्हणाल्या आणि मला लख्ख ‘तूप’ ऐकू आले. जेवणानंतर त्यांनी सुपारी पुढे केली. तिला ‘अडिके’ म्हणतात हे कळले, तेव्हा आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता मला पहिल्यांदा उलगडला. त्या दिवसापासून ‘इदक्के एनंतारे?’, म्हणजे ‘याला काय म्हणतात?’, एवढे एक वाक्य घेऊन मी बाजारभर हिंडू लागले. पुढे श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ ही जुनी मराठी ओळ वाचताना ऊर भरून आला, पण ‘श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें’ या ओळीत ‘सुत्ताले’पाशी मी अडले. तिथल्याच कन्नड लेखात त्या जागी ‘सुत्तालय’ आहे, आणि ‘सुत्त’ म्हणजे भोवती, हे मला तोवर ठाऊक झाले होते. गंगराजाने मूर्तीभोवतीचे आवार बांधविले, हा मराठी ओळीचा अर्थ मला कन्नडने दिला. असा आनंद कोणत्याही गरजेतून मिळत नाही, आणि तो एकदा मिळाला की माणूस शिकणे सोडत नाही.

कुतूहल निर्माण करायचे, तर ज्या विषयात तुमचा जीव आधीच रमतो, मग तो स्वयंपाक असो वा शेती, त्यातल्या वस्तूंची नावे त्या भाषेत विचारत सुटा. अर्थात क्रियापदांची रूपे कुतूहलाने पाठ होत नाहीत, ती मलाही घोकावीच लागली; आणि ज्यांना पोटासाठी महिन्याभरात बोलायचे आहे, त्यांनी आधी कामाची वाक्येच शिकावीत.

मला फावला वेळ होता म्हणून जमले, असे भाऊ अजूनही म्हणतो. ते खरे नाही. नोकरी मीही त्याच्याइतकीच करत होते. माझे सारे प्रश्न भाजी घेताना आणि बसची वाट पाहताना विचारलेले आहेत.